मनीऑर्डर ते पेन्शन

टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि गिरणगावातला पगार कोकणातल्या म्हाताऱ्या आईबापांपर्यंत पोचू लागला. आमच्या अण्णांचं म्हातारपणही माझ्या मनीऑर्डरवरच गेलं. आम्हा बँकवाल्यांना तेव्हा पेन्शन नव्हती. फंड आणि ग्रॅच्युइटी, बस्स. १९९५ ला पर्याय आला, पण त्यासाठी फंडातला बँकेचा हिस्सा सोडावा लागे. घर घ्यायचं डोक्यात होतं, मी नाही म्हटलं. (दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा स्वतःचा चुकला!) निवृत्तीनंतर फंड इथल्या फ्लॅटच्या कर्जात गेला. २०१० ला दुसरी संधी मिळाली, पण तो हिस्सा परत भरायचा होता. मुलाने आणि सूनबाईने भरला. आता नातवाच्या क्लासची फी मी देतो. सूनबाई "नको" म्हणते. मी ऐकत नाही.