काशीच्या माणसाला स्मशान दाखवून काय उपयोग?

मी ब्रह्माघाटावर वाढलो. जवळच मणिकर्णिका, चिता रात्रंदिवस पेटलेल्या. मला गेममधलं स्मशान काय घाबरवणार?

तरी १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'ने घाबरवलं. भुतांमुळे नव्हे, गोळ्या मोजक्या म्हणून. गेम सेव्ह करायला टाइपरायटरची रिबन लागायची, तीही मोजकीच. प्रत्येक दारापुढे हिशेब!

त्याआधी १९९३ चा 'डूम'. गाजला बंदुकीमुळे, पण त्यातला अंधार आणि भिंतीपलीकडची गुरगुर आठवा. भय आणि गोळीबार तिथे एकाच घरात नांदत होते. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'मध्ये कॅमेरा खांद्यामागे आला, बंदुका सुधारून घेता येऊ लागल्या. खेळायला झकास, पण भीती पातळ झाली. पाचव्या-सहाव्या भागात तर ती उरलीच नाही. असं म्हटलं की मित्र चिडतात. चिडू देत. कॅपकॉमनेच २०१७ च्या सातव्या भागात आपल्याला पुन्हा एका जुनाट घरात, मोजक्या गोळ्यांवर नेऊन सोडलं.

पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला. आपल्या मातीतला नेमबाजीचा गेम, कौतुक आहेच. पण मेलो की लगेच नवा डाव. मग भ्यायचं कशाला?