लसणाला गुण कोणी दिला?

मंडळी, येडशीत लसणाबद्दल शंका काढायची म्हणजे घरच्याच माणसाची उलटतपासणी घेतल्यासारखं आहे. बाळंतिणीच्या जेवणात लसूण, बाळाच्या धुरीला ओव्याबरोबर लसूण, कान दुखला की लसणाचं तेल. हा लौकिक आला कुठून आणि तो खरा किती, एवढाच आजचा विषय.

लौकिक जुना आहे. १८९० साली मध्य आशियात, कुचाजवळ, बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला भूर्जपत्रावरची संस्कृत पोथी मिळाली. साधारण सहाव्या शतकातली. तिचा आरंभच लसणाच्या गुणगानानं होतो. काश्यपसंहितेतही 'लशुनकल्प' असा स्वतंत्र अध्याय आहे. उलट मनुस्मृती द्विजांना लसूण वर्ज्य ठरवते. मग ब्राह्मणानं करायचं काय? बॉवरच्या पोथीत वाट सांगितली आहे : गाईला लसूण चारा आणि तिचं दूध घ्या! म्हणजे बंदी पाळणाऱ्यांनाही औषध हवंच होतं.

आधुनिक विज्ञानानंही लसणाला झिडकारलेलं नाही.  १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी त्यातलं ॲलिसिन वेगळं काढलं. पण ॲलिसिन तयार होतं ते पाकळी ठेचल्यावर, आणि उष्णतेपुढे ते टिकत नाही. शिवाय बशीतले जंतू मरणं वेगळं आणि माणसाचा रोग बरा होणं वेगळं.

आता घरातली गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी धाकट्या भावाचा कान दोन दिवस ठणकत होता. आजीनं तेलात लसूण कडकडवला, कोमट करून थेंब सोडले. पहाटे दुखणं थांबलं. "लसणानं गुण आला," आजी म्हणाली, आम्हीही म्हणालो. सकाळी उशीवर पू होता. पुढे कळलं, आत पू साठून पडदा ताणला जातो तेव्हा कान ठणकतो. पडदा फुटला की ताण जातो आणि वेदना थांबते. आराम पडला तो पडदा फुटल्यामुळे. आपण म्हणतो ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला! बार्शीची छोटी गाडी तेव्हा येडशीवरूनच जायची. पण गुण आला म्हटल्यावर डॉक्टरकडे कोण नेतो? भावाला त्या कानानं आजही कमी ऐकू येतं.

मी आजीला दोष देत नाही. तिच्याजवळ माया होती आणि अनुभवही होता. मात्र तो अर्धा होता. आपल्या न्यायशास्त्रात दोन कसोट्या आहेत : अन्वय आणि व्यतिरेक. लसूण दिला आणि बरं वाटलं, हा अन्वय. लसूण न देताही तेवढ्यांनाच बरं वाटलं असतं का, हे पाहणं म्हणजे व्यतिरेक. लोकवैद्यकानं पहिली कसोटी जपली, दुसरी सोडली. हा प्रश्न परदेशातून आलेला नाही. तो आपल्याच परंपरेतला आहे.

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा लसणाचे निरोप गावोगाव फिरले. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं : लसूण आरोग्याला चांगला, त्यात काही जंतुनाशक गुण असू शकतात, पण तो या रोगापासून वाचवतो याचा पुरावा नाही. मला यात लसणाचा अपमान दिसत नाही.

तेव्हा फोडणीत लसूण घाला, ठेच्यात घाला. पण लेकराचा कान ठणकला तर आधी दवाखाना गाठा. एवढं बोलून थांबतो.