संगणक मोजावा कशाने?

मंडळी, पश्चिम रेल्वेवरच्या वाणगावची मिरची आपण ऐकून आहात. मळ्यात रोपे किती लावली, एवढ्यावरून हंगाम चांगला असे तिथे कोणी म्हणत नाही. तोडा किती झाला, पट्टी काय हाती पडली, हेच घरात विचारतात. संगणकाचेही तसेच आहे, बरं का! तो बसवला म्हणजे काम झाले असे नव्हे. ज्याच्यासाठी बसवला, त्याचे काय भागले, हे मोजले पाहिजे.

या मोजणीचा धडा आपल्या महाराष्ट्रातच मिळाला. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात सत्तर गावांसाठी संगणकाची योजना आली. साखर कारखाना, राज्य सरकार आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांचे हे काम. गावोगाव केंद्रे निघाली. शेती, शिक्षण, बाजारभाव, सारे ज्ञान गावात येईल अशी मोठी आशा होती. यंत्रे मोजली असती, तर योजनेला पैकीच्या पैकी गुण पडले असते.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी मोजमाप वेगळे घेतले. केंद्रावर शेतकरी येतो तो कशासाठी? उत्तर साधे निघाले: ऊस किती भरला, खत किती उचलले, हिशेब काय झाला, एवढ्यासाठी. मग इतक्याशा कामाला अख्खा संगणक हवाच का? सात गावांत आठ महिने प्रयोग झाला. संगणकाऐवजी मोबाईलवरून लघुसंदेश पाठवायचा, उत्तर संदेशानेच मिळायचे. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संगणकावरचे प्रत्येक काम मोबाईलने केले. खर्च कमी, सोय अधिक, आणि शेतकऱ्यांची पसंतीही त्यालाच.

याचा अर्थ संगणक वाईट, असा घेऊ नका. ज्या माहितीसाठी शेतकरी केंद्रावर येत होता, ती गावात आली ती आधी संगणकानेच. चुकते ते एवढेच, की आपण यंत्राची संख्या मोजतो आणि माणसाची गरज मोजायची राहते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेतही हीच कसोटी लावून पाहा. खोलीत संगणक किती, हे नोंदवहीत असतेच. त्याशेजारी आणखी तीन रकाने आखा: यंत्रावर कोणाचा हात पडला, त्याला काय करता आले, आणि कोण नुसतेच मागे उभे राहिले. तिसऱ्या रकान्यातली नावे महिन्यामहिन्याला कमी होत गेली, तर यंत्र कामी आले असे खुशाल समजा.