बुढापाऱ्यातील बिऱ्हाड

मुक्काम आणि बिऱ्हाड हे मराठीतील दोन शब्द शेजारी खरे, पण सोयरे नव्हेत. मुक्कामाला एक रात्र पुरते; बिऱ्हाडाला चूल लागते, शेजार लागतो, पाणवठ्याची वाट पायाखालची व्हावी लागते. रायपूरच्या बुढापारा या तळ्याकाठच्या वस्तीत मात्र या दोहोंमधील रेषा अनेकदा पुसट झालेली दिसते.

छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांकडे आल्यावर बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून तेथील कारभार पाहिला. नागपूरचे राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली गेले आणि १८१८ मध्ये कर्नल अॅग्न्यू याने हे ठाणे रायपुरास हलविले. ठाण्यामागून कचेरी आली, कचेरीमागून वकील आले. परगावच्या या मंडळींना निवारा हवा होता आणि पैसे मोजून खोली घेण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. ओळखीचे घर हाच आधार.

कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त १८७७ मध्ये कामानिमित्त रायपुरास आले. कुटुंब मागाहून निघाले. अलाहाबाद, जबलपूर, भुसावळ असा वळसा घेत आगगाडी नागपूरपर्यंत येई. पुढे रूळच नव्हते. नागपूर ते रायपूर ही वाट बैलगाडीने तोडावयास पंधरवड्याहून अधिक दिवस लागले. थोरला मुलगा नरेंद्रनाथ तेव्हा चौदा वर्षांचा होता. वाटेत डोंगराच्या कपारीत लोंबणारे मधमाश्यांचे प्रचंड पोळे पाहून तो काही काळ देहभान विसरला, ही हकिकत त्याच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. हाच मुलगा पुढे स्वामी विवेकानंद झाला.

हे कुटुंब बुढापाऱ्यात डे यांच्या घरी राहिले, असे स्थानिक परंपरा सांगते. घर होते, पण मुलाला घालावे अशी शाळा गावात नव्हती. ही उणीवच त्याच्या पथ्यावर पडली म्हणावयाची. वडिलांच्या बैठकीत बसून तो थोरांशी वाद घालावयास शिकला. बुद्धिबळ आणि स्वयंपाकही तो तेथेच शिकला. १८७९ मध्ये दत्त कुटुंब कलकत्त्यास परतले. आयती सोय असलेल्या विश्रामगृहात दोन वर्षे निघाली असती, तर हातात कलथा आला असता की नाही, कोण जाणे! डे यांच्या घरात त्याच काळी एक तान्हे मूल होते. ते हरिनाथ डे. पुढे त्यांनी तीसहून अधिक भाषा आत्मसात केल्या आणि १९०७ मध्ये कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ते पहिले भारतीय ग्रंथपाल झाले.

या वस्तीत मराठी वाचकाला थबकावयास लावील अशी खूण म्हणजे माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा. १८७१ मध्ये मराठी घरात जन्मलेल्या सप्र्यांनी वामन बळीराम लाखे यांच्या साह्याने १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ‘हिंदी केसरी’पायी १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते रामदासांच्या वाङ्मयाकडे वळले. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. मराठीतून निघून हिंदीत त्यांनी थाटले ते बिऱ्हाडच होते. मुक्कामाला आलेला माणूस परक्या भाषेसाठी एवढे कष्ट उपसत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी मात्र त्यांना बाहेरगावी गेलेला नातलग मानून दोन ओळींत आटोपले, हे न्याय्य झाले नाही.

१९३३ च्या हरिजन दौऱ्यात गांधीजी रायपुरास आले. तोवर आगगाडी येऊन चार दशके उलटून गेली होती. तरीही ते उतरले ते बुढापाऱ्यातच, रविशंकर शुक्लांच्या घरी.

२००० मध्ये रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले आणि वातानुकूलित खोल्यांची हॉटेले झपाट्याने वाढली. नागपूरचा प्रवासी आता काही तासांत येतो, नोंदवहीत नाव लिहितो आणि सकाळी चहा पिऊन निघतो. बुढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. पाण्याच्या मधोमध स्वामीजींचा बैठा पुतळा आहे. जुनी माणसे अजून बुढा तलावच म्हणतात.