एक प्रबंध आणि त्यामागचे गुरु

गेल्या पावसाळ्यांत आमच्या डोंबिवलीच्या शेजारांतील एक मुलगी कागदांचें बाड घेऊन माझ्याकडे आली. वैद्यकाच्या पदव्युत्तर परीक्षेसाठीं तिनें प्रबंध लिहिला होता व त्यांतील इंग्रजी मीं एकवार नजरेखालून घालावें अशी तिची इच्छा होती. तपासतां तपासतां मीं सहज विचारिलें, "हा विषय तूं कां निवडलास?" ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "विषय निवडायचा नसतो, काका, तो मिळतो." उत्तर खोटें नव्हतें, म्हणूनच तें मनाला लागलें. इतकीं वर्षें महाविद्यालयांत शिकविल्यानंतर माझ्याहि कित्येक विद्यार्थ्यांनीं हेंच उत्तर दिलें असतें, हें मला पक्कें ठाऊक होतें. त्या रात्रीं मला आठवण झाली ती आमच्या शेजारच्या कल्याणांतील एका मुलीची. तिचा विषय तिला कोणीं दिलेला नव्हता.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव आमच्या भागांत कोणास ठाऊक नाहीं? १८६५ च्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस जन्मलेली यमुना ही कल्याणच्या जोशी घराण्यांतील मुलगी. नवव्या वर्षीं तिचा विवाह पोस्टखात्यांत कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला आणि ती आनंदी झाली. पुढें ती समुद्रापलीकडे गेली, डॉक्टर झाली, परत आली, आणि बावीस वर्षें पुरीं होण्याआधींच तिनें जगाचा निरोप घेतला. एवढी कथा घरोघर सांगतात. काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालीं त्यांचें चरित्र लिहिलें, श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ सालच्या कादंबरीनें तें जीवन नव्या पिढीपुढें आणिलें. परंतु लोकांच्या तोंडीं राहिलें तें पतीचा हट्ट, प्रवासाचें साहस आणि अकालमृत्यु एवढेंच. आनंदीबाईंनीं विद्या मिळविली म्हणजे नेमकें काय केलें, आणि ती त्यांना कोणीं व कशी दिली, हें विचारणारा क्वचितच भेटतो. त्यांनीं एक प्रबंध लिहिला होता. त्याविषयीं व त्यामागच्या गुरुजनांविषयीं चार शब्द लिहावे, असा माझा हेतु आहे.

कल्याणास आगगाडी आली १८५४ सालीं. मुंबई-ठाणें हा पहिला टप्पा त्याच्या आदल्याच वर्षीं सुरू झाला होता. गाडीबरोबर टपाल वेगानें धांवूं लागलें, वर्तमानपत्रें येऊं लागलीं आणि गोपाळरावांसारख्या टपाल-कारकुनांच्या बदल्या दूरदूरच्या गांवीं होऊं लागल्या. तथापि माजघरांतील बाळंतिणीच्या खोलीपर्यंत ही गाडी पोंचली नव्हती. चवदाव्या वर्षीं आनंदीबाईंस मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर (बंगाल) येथील कॉलेजच्या सभागृहांत, आपण अमेरिकेस कां जातों याचीं कारणें त्यांनीं जाहीरपणें सांगितलीं. पुरुष डॉक्टरांपुढें आपलें दुखणें उघड करण्यास हिंदी स्त्रिया धजत नाहींत, म्हणून स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच वर्षीं ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या. त्यांचा प्रश्न असा घरांतच जन्मलेला होता. आगबोटीवर चढतांना तो त्यांच्या सामानांत होताच.

फिलाडेल्फिया येथील ज्या 'विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया'त त्या दाखल झाल्या, तें कॉलेज १८५० सालीं स्थापन झालेलें. स्त्रियांना वैद्यक शिकविणें म्हणजे मर्यादाभंग, असें अमेरिकेंतहि पुष्कळांना वाटत असे; त्यामुळें आपल्या प्रत्येक पदवीधर स्त्रीकडे जग संशयानें पाहणार, याची जाणीव तेथील अध्यापकवर्गास होती. १८७४ पासून त्या कॉलेजच्या डीन होत्या रेचेल बॉडली. या बाई मूळच्या वनस्पतिशास्त्राच्या व रसायनशास्त्राच्या अभ्यासक. वनस्पतींच्या एका मोठ्या संग्रहाची त्यांनीं पद्धतशीर सूची केली होती, व आनंदीबाईंचें जन्मवर्ष जें १८६५, त्याच वर्षीं त्या या कॉलेजांत रसायनशास्त्राच्या अध्यापिका म्हणून आल्या. शिकलेल्या स्त्रिया पुढें वैद्यकी सोडून देतात, असा आक्षेप लोक घेऊं लागले तेव्हां बॉडलीबाईंनीं वाद घातला नाहीं. कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींस प्रश्न पाठवून, उत्तरें जमवून, १८८१ सालीं त्यांनीं आंकडेच लोकांपुढें मांडले. आधीं पाहावें, मोजावें आणि मग बोलावें, ही त्यांची वृत्ति होती. अशा गुरूच्या हाताखालीं आनंदीबाई अडीच वर्षें शिकल्या.

त्या कॉलेजांत पदवीसाठीं प्रत्येकीस प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनीं विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. 'ऑब्स्टेट्रिक्स अमंग दि आर्यन हिंदूज' हें त्या प्रबंधाचें नांव. त्यांत त्यांनीं आयुर्वेदाच्या ग्रंथांचा आणि अमेरिकन पाठ्यग्रंथांचा, दोहोंचा आधार घेतला. हें हस्तलिखित फिलाडेल्फियाच्या संग्रहांत आजहि जपून ठेविलेलें आहे. येथें क्षणभर थांबून विचार करावा. फिलाडेल्फियाच्या अध्यापिकांस संस्कृत येत असेल असें मानण्यास जागा नाहीं. ज्या ग्रंथांविषयीं शिष्या लिहीत होती, ते ग्रंथ गुरूंनीं वाचलेले नव्हते. अशा वेळीं 'हा विषय आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, दुसरा घे' असें म्हणणें किती सोपें होतें! मीं स्वतः तसें म्हटलें आहे, आणि एकदां नव्हे. परंतु त्या कॉलेजनें हा विषय मान्य केला. शिष्येला जें ठाऊक आहे तें आपणांस ठाऊक नाहीं, हें कबूल करण्यांत कमीपणा न मानणारा गुरु विरळा. तो आनंदीबाईंस लाभला.

मग ज्या ग्रंथांची भाषाहि आपणांस येत नाहीं, त्यांच्या अभ्यासांत गुरूनें शिष्येस द्यावयाचें तें काय? एक उदाहरण घेऊं. तें माझें आहे, आनंदीबाईंच्या प्रबंधांतलें म्हणून सांगत नाहीं. सुश्रुताच्या शारीरस्थानांतील दहावा अध्याय गर्भिणीविषयीं आहे. बाळंतिणीजवळ प्रसूतिकर्मांत कुशल, पोक्त वयाच्या व नखें कापलेल्या चार स्त्रिया असाव्या, असें त्यांत सांगितलें आहे. आतां १८४७ सालीं व्हिएन्नाच्या रुग्णालयांत सेमेलवाइस यानें, प्रसूतीपूर्वीं डॉक्टरांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुतल्यास बाळंतज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांची संख्या एकदम उतरते, हें दाखवून दिलें. हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवलीं कीं दोन मोह उभे राहतात. पहिला मोह अभिमानाचा: आमच्या पूर्वजांना जंतुशास्त्र ठाऊक होतें, असें ठोकून द्यावें. दुसरा न्यूनगंडाचा: जुनें तें सारें अडाणी समजून सुश्रुताचें पान उलटूनहि पाहूं नये. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्यें आहे. नखें कापण्याचा नियम हा दीर्घ निरीक्षणाचें फळ असूं शकेल. पण तेवढ्यावरून जंतूंचें ज्ञान सिद्ध होत नाहीं. सेमेलवाइसनें मृत्यूंची मोजदाद केली, आणि तेथें फरक पडला. पुराव्यानें जेवढें ठरतें तेवढेंच म्हणावें, हा संयम शिकविण्यास गुरूला संस्कृत यावें लागत नाहीं. तो स्वतःच्या अंगीं मात्र असावा लागतो.

प्रबंधाच्या नांवांतील 'आर्य' हा शब्द त्या काळच्या हवेंतला आहे. आज कोणी अभ्यासक तो इतक्या सहज वापरणार नाहीं. वीस वर्षांच्या मुलीनें परमुलखांत आपल्या देशाची बाजू मांडतांना थोडा अभिमान बाळगला असल्यास त्याचा दोष तिला देण्याचें कारण नाहीं.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढील वर्षीं रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यास प्रस्तावना लिहिली ती बॉडलीबाईंनीं. म्हणजे शिष्येनें आणिलेला प्रश्न गुरूनें आपला मानिला. परंतु तोंपर्यंत शिष्या उरली नव्हती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. ती हातांत असतांच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या क्षयानें वारल्या. या रोगाचा जंतु बर्लिन येथें कॉख यानें १८८२ सालीं जगापुढें मांडला होता. रोगाचें कारण सांपडलें होतें, औषध सांपडावयाचें होतें. दुसऱ्याच वर्षीं बॉडलीबाईहि निवर्तल्या.

तें औषध सांपडलें १९४३ सालीं, आणि योगायोग असा कीं तें न्यू जर्सी संस्थानांत सांपडलें. आनंदीबाई अमेरिकेस गेल्या तेव्हां प्रथम ज्यांच्या घरीं उतरल्या, त्या कार्पेंटरबाई याच संस्थानांतील रोझेल गांवच्या. रटगर्स विद्यापीठांत वाक्समन यांच्या हाताखालीं आल्बर्ट शाट्झ नांवाचा विद्यार्थी डॉक्टरेटचें काम करीत होता. त्यानें स्ट्रेप्टोमायसिन देणारा जंतु वेगळा काढला. पुढें श्रेय व उत्पन्न यांवरून शिष्यास गुरूविरुद्ध न्यायालयांत जावें लागलें. त्याचा सहशोधक म्हणून हक्क मान्य झाला, तरी १९५२ सालचें नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांसच मिळालें. विद्वत्ता तीच, प्रयोगशाळा मोठी. पण गुरुशिष्यांचें नातें कोर्टांत उभें राहिलें. गुरु केवळ ज्ञानी असून भागत नाहीं, तें हें असें.

आपल्याकडेहि चांगलें उदाहरण आहे. मुंबईचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें व तेथील विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर लंडनला शिकलेले; पण त्यांनीं प्रश्न घेतले ते आपल्या लोकांच्या राहणींतले. धोतराची गांठ कमरेवर घट्ट बसून वर्षानुवर्षें घासते तेथें होणारा कर्करोग, आणि तंबाखू तोंडांत धरून ठेवण्यानें होणारा कर्करोग, यांवर १९४५ सालीं त्यांनीं एका सहकारिणीसह लिहिलें. त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं कमल रणदिवे यांनीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढें अमेरिकेंत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढविण्याचें तंत्र शिकून त्या परत आल्या व मुंबईंत त्यांनीं त्याची प्रयोगशाळा उभी केली. १९७३ सालीं त्यांच्या पुढाकारानें भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन झाली; तिचें ठाणें आज आमच्याच ठाणें जिल्ह्यांत, वाशी येथें आहे. आनंदीबाईंस गुरु भेटले, पण मागें परंपरा राहण्याइतकें आयुष्य मिळालें नाहीं. रणदिव्यांस गुरु, संस्था व आयुष्य हीं तिन्ही मिळालीं, आणि त्यांनीं तीं पुढच्यांस वांटून दिलीं.

असो. मीं त्या मुलीचें इंग्रजी तपासून दिलें. जातांना तिला ही सारी हकीकत थोडक्यांत सांगितली व विचारिलें, "विषय तुझ्या हातीं असता तर काय घेतला असतास?" या वेळीं ती गोंधळली नाहीं. म्हणाली, "रात्रपाळीला शहापूर-मुरबाडकडून बाळंतिणी येतात. इतक्या उशिरां कां येतात, तें मला शोधायचें होतें. पण तेव्हां विचारायचा धीर झाला नाहीं." तिला धीर कां झाला नाहीं, याचें उत्तर माझ्यासारख्या शिक्षकांनीं द्यावयाचें आहे. विषयांची यादी कपाटांत तयार ठेवणारा मीहि एक होतों. विद्यार्थी येई, मी यादी काढीं, तो एका ओळीवर बोट ठेवी आणि आम्ही दोघेहि सुटलों असें मानीत असूं.

मीं तिला बाड परत दिलें नाहीं. शेवटचें पान कोरें होतें. त्यावर तिचा प्रश्न तिच्याच अक्षरांत लिहावयास लाविला आणि मगच तें तिच्या हातीं दिलें. यंदाच्या सत्रापासून माझी यादी मीं कपाटांतून काढलेली नाहीं.