गुर्टू, त्रिलोक

(३० ऑक्टोबर १९५१ – ). जॅझ संगीतातील भारतीय तालवादक व संगीतकार. तबल्याचे बोल, जॅझचा ड्रमसंच आणि आफ्रिकेतून निघून कॅरिबियन बेटांत रुजलेल्या लयी त्यांच्या वादनात एकत्र नांदतात. जन्म मुंबईत. आई शोभा गुर्टू (पूर्वाश्रमीच्या भानुमती शिरोडकर) मूळच्या बेळगावच्या, ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका; आजी मेनकाबाई शिरोडकर नर्तकी आणि ख्यालगायक अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. त्रिलोक लहानपणी तबला शिकले आणि पुढे पाश्चात्त्य ड्रमकडे वळले. घरात रोज कानावर पडणाऱ्या ठुमरीच्या लयीचा लडिवाळपणा त्यांच्या हातात कायम राहिला.

१९७० च्या दशकात ते युरोपात गेले. ‘एम्ब्रियो’ या जर्मन वाद्यवृंदाच्या ‘अपो-कॅलिप्सो’ (१९७७) या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्यासोबत शोभा गुर्टूही गायल्या. याच सुमारास ट्रंपेटवादक डॉन चेरी यांची साथ लाभली. चेरी माली देशातील शिकाऱ्यांचे तंतुवाद्य, डोन्सो न्गोनी, स्वतः वाजवत. परक्या परंपरेचे वाद्य हौसेपुरते न घेता त्याच्या अंगाने विचार करण्याची त्यांची रीत गुर्टूंच्या पुढील कामातही दिसते. ‘ओरेगॉन’ या जॅझ गटातील तालवादक कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४ मधील अपघाती निधनानंतर गुर्टू त्या गटात आले. पुढे गिटारवादक जॉन मॅकलाफलिन यांच्या त्रयीत त्यांनी काम केले. ‘उसफ्रेत’ (१९८८) या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत आई आणि चेरी दोघेही आहेत.

गुर्टूंच्या वादनातील कॅरिबियन लयींचे मूळ आफ्रिकेत आहे. पश्चिम आफ्रिकेतील अनेक वादनपरंपरांत घंटेवर वाजणारा एक छोटा आकृतिबंध बाकी सर्व वाद्यांना धरून ठेवतो. त्याच्या एका प्रसिद्ध रूपात बारा मात्रांत सात आघात येतात आणि त्यांतील अंतरे २-२-१-२-२-२-१ अशी असतात. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर अशा लयी अटलांटिक ओलांडून गेल्या. क्यूबातील ‘क्लावे’ त्याच कुळातला : सोळा मात्रांत पाच आघात, अंतरे ३-३-४-२-४. सोळा मात्रा म्हटल्या की त्रिताल आठवतो, पण नाते केवळ संख्येचे. त्रितालात खाली-भरी असते, तिहाई घेऊन समेवर येण्याची ओढ असते. क्लावे मात्र न बदलता फिरत राहतो आणि नर्तकाची पावले त्याच्या आधाराने पडतात. गुर्टूंचे मोठेपण या दोन्ही जाणिवा जपण्यात आहे. ते फिरत्या ठेक्यावर तबल्याचे बोल चढवतात, तिहाई घेतात, आणि तरी खालची लय नाचती राहते.

त्यांची वाद्यरचनाही निराळी. ते स्टुलावर न बसता जमिनीवर गुडघे टेकून वाजवतात; तबला, ड्रम आणि झांजा हाताशी मांडलेल्या असतात. झांज किंवा शिंपल्यांची माळ वाजती असताना पाण्याच्या बादलीत बुडवून स्वर वाकवणे ही त्यांची ओळख ठरली आहे. मुखाने बोल म्हणत त्यांना हाताने उत्तर देणे हेही त्यांच्या मैफलींत असतेच.

आफ्रिकेशी थेट संवाद ‘आफ्रिकन फँटसी’ (२०००) आणि ‘द बीट ऑफ लव्ह’ (२००१) या ध्वनिमुद्रिकांत आहे. पहिलीत बेनिनच्या गायिका अँजेलिक किजो, तर दुसरीत मालीचे सालिफ केइता गातात. गुर्टूंच्या कामातील हा भाग सर्वांत मोकळा. येथे तबला पाहुणा वाटत नाही. गायकाच्या शब्दफेकीला तो ठुमरीच्या संगतीसारखा बिलगतो.

‘स्पेलबाउंड’ (२०१३) ही ट्रंपेटवादकांना वाहिलेली ध्वनिमुद्रिका. तीत ‘मान्तेका’ ही रचना आहे. ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी हवानाचे तालवादक चानो पोझो यांच्यासह ती १९४७ मध्ये घडवली आणि क्यूबाची लय जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात आणली. या रचनेत पोझोंची जागा काँगा ड्रमची होती. गुर्टूंच्या मुद्रणात ती तबला आणि त्यांचा ड्रमसंच घेतात.