अरण्यांतील घर आणि घरांतील अग्नि

चंद्रपूर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचें चांदा, याचें नांव काढलें कीं उन्हाळा आठवतो. वैशाखाच्या तापाबद्दल हा मुलूख साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. परंतु पौषाच्या पहाटे वैनगंगेच्या आणि इंद्रावतीच्या कांठीं धुकें उतरतें, पानांवरून दंव ठिबकतें, तेव्हां त्याच मुलुखांतील माणूस विस्तवापासून हलत नाहीं. लहानशी खोली, भोंवतीं अरण्य, जळणाला लांकूड. अशा ठिकाणीं ऊब मिळवावी ती कोणत्या अग्नीनें? प्रश्न घरगुती दिसतो खरा. पण त्याच्या उत्तरांत या अरण्याचा बराच इतिहास सामावलेला आहे.

पहिला अग्नि जमिनीवरचा. माडिया गोंडांचें जुन्या धाटणीचें घर म्हणजे बांबूच्या कुडाला मातीचा लेप, वर छप्पर, आणि आंत उघड्यावर पेटलेलीं लांकडें. ओंडक्यांचीं टोकें एकत्र जुळवावयाचीं आणि जळतील तशीं पुढें सारावयाचीं. विस्तव रात्रभर टिकतो. धूर छपरांतून झिरपत जातो, आणि जातां जातां वर टांगलेल्या कणसांचें किडीपासून रक्षण करतो. या व्यवस्थेला अडाणी म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि तिची किंमत द्यावीच लागते. ती बायका डोळ्यांनीं आणि छातीनें देतात, आणि झोपेंत विस्तवाकडे सरकणारीं लेकरें अंगानें देतात.

दुसरा अग्नि भिंतींतला. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि त्याबरोबर चांदाहि इंग्रजांकडे गेला. पचमढी, चिखलदरा अशा सातपुड्यांतील थंड हवेच्या ठिकाणीं साहेबानें बंगले बांधले आणि आपल्या देशच्या रिवाजाप्रमाणें भिंतींत शेकोटी व वर धुरांडें ठेवलें. धूर बाहेर गेला, हा मोठाच लाभ झाला. पण ऊबहि त्याच्या मागोमाग गेली. उघडी ज्वाळा खोलींतील तापलेली हवा वर ओढून घेते आणि दारांच्या फटींतून थंड हवा आंत येते. शंभर भाग उष्णतेपैकीं दहा-पंधरा भागच पदरांत पडतात. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिननें १७४० नंतरच्या दशकांत लोखंडी शेकोटी योजली, ती याच कारणासाठीं. आणि १७९६ सालीं काउंट रम्फर्डनें धुरांड्याचा गळा अरुंद करून बाजू तिरप्या कराव्या असें सुचविलें.

त्याच विचाराच्या वाटेनें पुढें तिसरा अग्नि आला. भिंतींतील शेकोटीच्या पोकळींत बसणारी ही लोखंडी बंद शेगडी होय. दार लावलें कीं हवा मोजून आंत जाते, लांकूड सावकाश जळतें आणि तापलेलें लोखंड खोलीला ऊब देतें. आजच्या चांगल्या शेगड्या शंभरांतील सत्तर भाग उष्णता हातीं देतात.

लांकडाची ही बचत येथें केवळ काटकसरीची बाब नव्हे. १८७८ च्या वनकायद्यानें राखीव रानांतील लांकूड सरकारी झालें, आणि पिढ्यान्‌पिढ्या उचललेल्या मोळीला परवानगीची गरज लागली. त्याच धोरणाविरुद्ध जुलै १९३० मध्यें शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत, पुसद येथें, बापूजी अणे यांनीं गवत कापून जंगल सत्याग्रह केला. पुढें १९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा संमत झाला, आणि त्याअन्वयें २००९ सालीं गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवाला सभोंवतालच्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्कासाठीं एवढें झगडावें लागलें तें लांकूड धुरांड्यांतून फुकट घालविणें कोणाला परवडेल?

आतां निवडीचा विचार. खोली लहान तर शेगडीहि लहानच हवी. मोठीची आंच सोसत नाहीं म्हणून तिची हवा कोंडतात. मग लांकूड धुमसतें, धुरांड्यांत डांबरासारखा थर बसतो आणि एके दिवशीं तोच पेट घेतो. शेगडीपासून धुरांड्याच्या वरच्या तोंडापर्यंत धातूचा नळ न्यावा आणि तो दर वर्षीं साफ करावा. धावडा, ऐन यांचें जड लांकूड फोडून वर्षभर आडोशाला वाळवावें. त्यांतील ओल वीस टक्क्यांच्या आंत यावी. बाहेरची हवा येण्यास वाट ठेवावी. कोळशाची उघडी शेगडी बंद खोलींत ठेवून तर कधींच निजूं नये, कारण तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसाला झोपेंतच मारतो.

कुडाच्या घराला मात्र हें साधन उपयोगी नाहीं. त्याला पक्की भिंत आणि पक्कें धुरांडें लागतें. तेथें नळीची बिनधुराची चूलच बरी. वर्ध्याच्या मगनवाडींत, जेथें १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचें ठाणें होतें, अशी चूल सिद्ध झाली आणि ‘मगनचूल’ या नांवानें ती ओळखली गेली.

बंगल्यांतील पाहुणा ऊब ज्वाळेच्या उंचीवरून मोजतो. रानांतून मोळी आणणारी बाई ती डोक्यावरच्या वजनानें मोजते. अर्ध्या मोळींत रात्र निघत असेल आणि सकाळीं घरांतील कोणाचे डोळे चुरचुरत नसतील, तर अग्नीची निवड योग्य झाली असें समजावें.